कण्हेरीची अकरा फुलं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला वाटतं, त्याला माझं सगळं माहीत आहे – हे नाही. बहिणीला एकदा सांगायला बसले होते. चहा ओतला, आणि पडद्यांच्या रंगावर बोलून उठले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा – जाऊ दे. कारण शोधत बसले तर पुन्हा तिथंच अडकेन.

मी घरी केक करते. संभाजीनगरला, सिडकोत. स्वयंपाकघराला लागून छोटी गॅलरी होती, ती बंद करून घेतली आणि तिथं एक रुंद फळी ठोकली, तेच माझं दुकान. सुरुवातीला स्पंज फुगला तरी आनंद व्हायचा. मग क्रीमची फुलं शिकायला लागले. एक धड गुलाब काढायला मला चार महिने लागले. बिघडला की खरवडायचा, टोकाला नळी असलेल्या पिशवीत भरायचा, पुन्हा काढायचा. मनगट दुखायचं. आणि एक दिवस पाकळी अशी वळली – आपोआप – की मी पिशवी खाली ठेवून नुसती बघत राहिले. पस्तिशी उलटल्यावर आपल्या हाताला काही नवं येतं, हे सुख तुम्ही कधी घेतलंय का? मी तोवर घेतलं नव्हतं.

त्यानंतर साखरेची फुलं शिकले. साखरेचा मळलेला गोळा कागदासारखा पातळ लाटायचा, पाकळ्या कापायच्या, बारीक तारेवर एकेक चिकटवून वाळवायच्या. वाळलेलं फूल चिनीमातीसारखं कडक होतं, आणि खाताही येतं. त्याचे फोटो मी टाकत होते. ते बघून वृषालीताईंचा फोन आला.

वृषालीताई म्हणजे आमच्या सरांची मुलगी. सर पैठणला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर ते आणि काकू इथं गारखेड्यात मुलीकडं राहायला आले होते. सरांना पंचाहत्तर पूर्ण होत होती. "केकवर कण्हेर पाहिजे," ताई म्हणाल्या, "तुला तर माहीतच आहे."

माहीत होतं. शाळेच्या भिंतीला लागून गुलाबी कण्हेर होती आणि पाचवीच्या पहिल्याच तासाला सर सगळ्या वर्गाला तिच्यापुढं बसवायचे. पाचच पाकळ्या, पण प्रत्येक किंचित एका बाजूला वळलेली. "सरळ काढली तर ती कण्हेर नाही," म्हणायचे. माझी वही त्यांनी पूर्ण वर्गात फिरवली होती. आमच्या घरी चित्र काढणं म्हणजे वेळ घालवणं. माझं काहीतरी कुणी चार लोकांना दाखवलं, असं ते एकदाच झालं.

अकरा फुलं करायचं ठरलं. पाच दिवस लागले. प्रत्येक पाकळी वळवली, कडेला गडद आणि आत फिकट रंग दिला. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

एप्रिल होता. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी मी जरा आडवी झाले आणि सासूबाईंनी उकडतंय म्हणून कुलर लावला. त्यांना काय माहीत? कुलरची ओली हवा थेट फळीवर येत होती. उठून बघते तर साखरेनं पाणी धरलेलं – पाकळ्या माना टाकून एकमेकींवर पडलेल्या, रंग ओघळलेला. कार्यक्रम सहाला. घड्याळात अडीच.

पुढं काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतं. फोन उचलायचा – ताई, फुलं बिघडली, क्रीमची काढून देते. एवढंच. हे वाक्य मी मनात म्हणूनसुद्धा पाहिलं. सर काय म्हणाले असते? काहीच नाही. हसले असते.

मी खाली उतरले. आमच्या कॉलनीच्या बागेच्या कुंपणाला कण्हेर आहे, तशीच गुलाबी. अकरा फुलं तोडली. धुतली, घट्ट पाकात बुडवली, वरून पिठीसाखर भुरभुरवली, पंख्याखाली सुकवून फ्रीजमध्ये गार केली. माझ्या फुलांपेक्षा ती सुंदर दिसत होती.

विषारी आहे हे मला माहीत होतं का? – हा प्रश्न मी स्वतःला भाजी चिरताना विचारते, स्कूटीवर विचारते, देवापुढं बसल्यावर विचारते. कण्हेर खात नाहीत, हे माहीत होतं. लहानपणी ती तोडून आलं की आई आधी हात धुवायला लावायची. शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत, हे पैठणच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. एका फुलानं किती होतं, ते माहीत नव्हतं. पण नुसतं 'माहीत नव्हतं' असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. केक कापायच्या आधी फुलं मीच काढून घ्यायची, आत तार आहे, शोभेची आहेत म्हणायचं – असं मी ठरवलं होतं. म्हणजे माहीत होतं. होय ना?

सहा वाजता ताईंच्या घरचा हॉल माणसांनी भरला होता. काकू सरांना गोळी देत होत्या. काकू फुलंब्रीकडच्या, शाळा सातवीपर्यंत, पण सरांच्या हृदयाची गोळी कित्येक वर्षं त्यांच्याच हातून जायची. पदरानं ग्लास पुसला, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सर गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. हे मी बघितलं. मला स्पष्ट आठवतं.

केक आला. वृषालीताईंनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "फुलं साखरेची आहेत बरं का! मंजूनं हातानं केलीत!" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात सरांनी एक फूल उचललं. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून अगदी नाकाजवळ नेलं, आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "बघा, पाकळी कशी वळवलीय. ही माझी विद्यार्थिनी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी ते फूल तोंडात घातलं.

मी बघत होते. माझ्यापासून दोन हातांवर.

त्यांनी चावलं. थांबले. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "जरा कडू लागतंय गं."

तेव्हासुद्धा वेळ होता. 'थुंका, सर.' दोन शब्द. मी काय म्हणाले?

"रंगाचा कडवटपणा असेल, सर."

त्यांनी मान हलवली. मला वाईट वाटू नये म्हणून ते सगळं फूल चावून गिळलं आणि म्हणाले, "छान झालंय."

आता पुढचं ऐका. सर मागं वळले तशी मी भराभर उरलेली दहा फुलं केकवरून काढून डब्यात टाकली. "बाकीच्यांत तार आहे, लहान मुलं आहेत," असं म्हणाले. मुलांना वाचवण्याइतकं मला कळत होतं. सरांनी गिळलेल्या फुलाबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. केक खाल्ला, नमस्कार केला, घरी आले.

सकाळी ताईंचा फोन – बाबांना रात्रीच ॲडमिट केलंय, उलट्या थांबेनात, नाडी फार मंद झालीय. मी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. अतिदक्षता विभागाच्या बाहेर आम्हाला सगळ्यांना उभं करून तिनं विचारलं, काल काय काय खाल्लं? पुरी, श्रीखंड, मसालेभात, केक. "केकवर फुलं होती म्हणे. कशाची?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं.

"साखर, खायचा रंग आणि डिंक," मी म्हणाले. एका डॉक्टरला, पेशंट आत असताना.

तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "रक्तात हृदयाच्या गोळीचं प्रमाण खूप वाढलेलं दिसतंय. कालची गोळी कुणी दिली?"

"म्या," काकू म्हणाल्या.

"एकच दिली?"

"एकच की."

"नक्की? घाईत दोनदा दिली गेली नाही ना?"

काकू बोलणार होत्या. पण ताईंनी "आई..." एवढंच म्हटलं, आणि काकूंचा चेहरा – मी तो चेहरा समोरून बघितला. आधी नकार होता, मग शंका आली, मग त्या स्वतःच्या हाताकडं बघायला लागल्या. "पाहुणे होते... लई गडबड होती," त्या म्हणाल्या. "दिली असन."

आणि मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. गोळीमुळं झालं, फुलामुळं नाही! मी सुटले! स्कूटीपर्यंत येईस्तोवर मी निर्दोष होते. मग तिथं उन्हात उभं राहून, खात्री करून घ्यावी म्हणून, फोनवर कण्हेर शोधली. लिहिलं होतं, तिचं विष हृदयावर त्याच गोळीसारखं काम करतं. आणि रक्ताच्या तपासणीत ते त्या गोळीसारखंच दिसू शकतं.

मी ते तीनदा वाचलं. हँडल इतकं तापलं होतं की हात भाजत होता, आणि मी तो काढत नव्हते.

वर जायचा जिना समोर होता. दोन मजले. वर माणूस जगतोय की मरतोय, हे मला माहीत नव्हतं – हे लक्षात घ्या. डॉक्टरला खरं कळलं तर कदाचित काही वेगळं करता येईल, हेही डोक्यात आलं होतं. आलं नव्हतं असं नाही. मी स्कूटी सुरू केली.

घरी एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक राहिला होता. त्यावर हत्ती करायचे होते. मी केले. छान झाले. सोंडा पहिल्याच फटक्यात नीट वळल्या, आणि माझ्या हाताकडं बघून मला जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही. हे कुणाचे हात आहेत? ही बाई कोण आहे?

सर वाचले. काही दिवसांनी घरी आले. मी भेटायला गेले, फळं घेऊन. ताई आत चहा करत होत्या. सरांनी मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ते फूल कडू लागलं होतं ना, ते मी कुणाला सांगितलं नाही हं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. म्हटलं, पोरीनं आत्ताच काम सुरू केलंय, उगीच नाव खराब व्हायला नको."

मी "थँक्यू सर" म्हणाले. हो. तेच म्हणाले.

त्या घरात गोळ्यांचा डबा आता ताईंकडं गेला होता, वारांचे खण असलेला, आणि तो कपाटात कुलपात असायचा. काकूंना कुणी रागावत नव्हतं. सगळे त्यांच्याशी फार मऊ बोलायचे, लहान मुलाशी बोलतात तसं. सरांना पाणी हवं असलं की काकू नातीला हाक मारायच्या. स्वतः ग्लास भरून द्यायच्या नाहीत.

महिन्याभरानं पुन्हा गेले तेव्हा काकूंनी मला मागच्या ओट्यावर नेलं. गहू निवडत होत्या, ते ताट बाजूला सारलं.

"मंजू, एक सांगते, कुणापाशी बोलू नको. म्या दोनदा दिली गं गोळी. आधी वाटायचं एकच दिली. पण आता डोळे मिटले की दोनदा दिल्याली दिसती. पहिली केकच्या आधी, दुसरी केक झाल्यावर. हात बी दिसतो मला माझा."

जे कधी घडलंच नव्हतं ते त्यांना दिसत होतं. आणि जे घडलं होतं ते बघणारी मी त्यांच्यासमोर बसले होते. त्या आणि मी, दोघीच. मागं कपडे वाळत होते. अंगणात कुणी नव्हतं.

"होतं काकू असं," मी म्हणाले. "वय झालं की होतं. आता मनाला लावून घेऊ नका. सर बरे झाले ना?"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तू तरी मला नावं ठेवत नाहीस," म्हणाल्या, आणि रडल्या. मी त्यांची पाठ थोपटली. माझ्या पापाची मीच त्यांना माफी देऊन आले. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही. फूल ठेवलं ते नाही, डॉक्टरशी खोटं बोलले तेही नाही. हे.

सर पुढच्या वर्षी थंडीत गेले, न्यूमोनियानं. आधीच्या आजाराचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. आधीचा आजार काय होता, ते डॉक्टरांना माहीत नाही. काकूंना मुलानं नाशिकला नेलं. ताई सांगत होत्या, तिथं त्यांना गॅसपाशी जाऊ देत नाहीत. आई विसरते, म्हणाल्या. कधीपासून विचारलं की सगळे एकच दिवस सांगतात, बाबांचा पंचाहत्तरावा.

माझ्याकडं आता बायका शिकायला येतात. सणासुदीला ऑर्डर घ्यायला जागा नसते.

काकूंचा महिन्यातून एकदा फोन येतो. गुडघे दुखतात, नातवंडं अभ्यास करत नाहीत, नाशिकला फार गारठा आहे, असं बोलतात. मी ऐकते. ठेवताना त्या दर वेळी विचारतात, "केकचं काम बरं चाललंय ना, मंजू?"

मी म्हणते, "चांगलं चाललंय, काकू."