तात्यामास्तर शिकवणीला येतात

मानवजातीने आजवर लावलेल्या सगळ्या शोधांत लेखनकला हा सर्वश्रेष्ठ शोध होय, असं कमलिनीबाईंचं ठाम मत आहे. हे मत त्यांनी आत्ताच, आमटीभातानंतर डाव्या कुशीवर वळता वळता, मागच्या पडवीत जाहीर केलंय. ऐकायला टेबलफॅन तेवढा आहे. तो डावीकडून उजवीकडे मान फिरवत सावकाश नाही नाही म्हणतोय.

पंख्याचं बरोबर असावं. चार वाजता समिधा येईल. समिधा आठ वर्षांची. बोलायला लागली की घरातला रेडिओ बंद करावा लागतो, पण पेन्सिल हातात दिली की तीच पोरगी दगड होते. उलटी अक्षरं, पळालेल्या वेलांट्या, मग टोक मोडणं, मग डोळ्यांत पाणी. अशा मुलांना लिहितं करायचं, हेच बाईंचं निवृत्तीनंतरचं काम. आजवर सगळी झाली. ही होत नाही. संध्याकाळी तिची आई न्यायला येईल, तेव्हा "मला जमत नाही, दुसरीकडे बघा" असं सांगायचं बाईंनी ठरवलंय. वाक्य पाठ करता करता पंख्याचा आवाज लांब जातो, पापण्या जड होतात, आणि दारातून कुणीतरी विचारतं, "बाई, आत येऊ?"

दारात तात्या. म्हणजे बाईंचे वडील, तात्यामास्तर. वारून बरीच वर्षं झाली, त्यामानाने तब्येत छान आहे. तात्यांचं अक्षर म्हणजे मिरजेत मोत्याचा दाणा. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते घालावेत तर तात्यांनीच. पोस्टमन ती पाकिटं उंबऱ्यात टाकत नसे, हातात देत असे.

"तात्या, मला बाई काय म्हणताय?"

"वर्गात नातं नसतं, कमे. मीच शिकवलंय तुला." तात्या चपला काढून समिधाच्या बुटक्या बाकावर बसतात. गुडघे कानांना लागतात. "हात गेला माझा. तिकडे लिहायची वेळच येत नाही. सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक. कळवायचं काय आणि कुणाला?"

"मग आता लिहायला कशाला हवंय?"

"तुझ्या नावाचं एक पाकीट घालायचंय. अख्ख्या गावाची घातली, तुझं राहिलं. एकाच घरात होतो ना."

बाई पेन्सिल देतात. तात्या ती रवीसारखी मुठीत धरतात. टोक मोडतं. दुसरी देतात. तिचंही मोडतं.

"पोट दुखतंय," तात्या म्हणतात.

"मेलेल्या माणसाचं?"

"जुनं दुखणं आहे."

पडवी आता शाळेचा हॉल आहे. बाकांवर मुंडावळ्या बांधलेले नवरदेव आपापली पाकिटं धरून बसलेत. "मास्तर, मुहूर्त टळतोय!" एक जण ओरडतो. तात्यांचे कान लाल होतात, खालचा ओठ दातांखाली जातो. हा ओठ बाईंनी रोज पाहिलाय, फक्त तो आठ वर्षांचा असतो.

"यांना बाहेर काढ ना, कमे," तात्या पुटपुटतात. "बघतायत सगळे."

बाई वळतात तर कृष्णेचा घाट, उन्हाने तापलेला. नवरदेव नाहीत. नदीच्या मध्यावर टेबलफॅन मान हलवतोय. तात्या खालच्या पायरीवर बसलेत आणि उगाच, वेळ काढायला, पाण्यात बोट बुडवून दगडावर फिरवतायत. एक उभी रेघ. तिला पोट. क. पोट भलत्याच अंगाला. तात्या चोरासारखे वर बघतात. बाई सवयीने तोंड उघडतात, पण तेवढ्यात दगड ते अक्षर पिऊन टाकतो.

"गेलं," तात्या म्हणतात.

"काय?"

"चुकलेलं. तू पाहिलंस?"

"नाही बुवा," बाई म्हणतात. मास्तरांच्या लेकीने मास्तरांना मारलेली ही पहिली थाप.

तात्या पुन्हा बोट बुडवतात. काढतात, वाळतं. काढतात, वाळतं. हळूहळू त्यांचे खांदे खाली येतात. एक क पायरीएवढा होतो, एक मुंगीएवढा. मग एक अगदी बाईंच्या पायाशी. मोत्याचा दाणा नव्हे, थोडा वाकडाच, पण पोट जिथल्या तिथे.

"चालेल?"

"पाकीट पोचलं, तात्या."

तात्या हसतात, आणि कडेकडेने वाळायला लागतात.

बाईंना जाग येते. खाटेजवळ, शहाबादी फरशीवर, एक ओला क. थोडा वाकडा. उशाशी तांब्या भरलेला आहे, त्यावरचं फुलपात्र हललेलंसुद्धा नाही. आणि दारात समिधा, दप्तर छातीशी धरून.

"बाई, हे कुणी काढलं?"

"माझ्या वडिलांनी."

"चुकलंय का?"

"बघेपर्यंत वाळलं बघ."

समिधा विचार करते. बाई तांब्या तिच्यापुढे सरकवतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. काम फार अवघड आहे. त्यांनी ते जन्मात केलेलं नाही. मागे पाण्यात बोट बुडाल्याचा आवाज येतो. मग पुन्हा. मग पुन्हा.

बऱ्याच वेळाने दारातून समिधाची आई म्हणते, "बाई, काहीतरी बोलायचंय म्हणाला होतात ना?"

बाई पाठ केलेलं वाक्य शोधायला लागतात. तेवढ्यात खालून, फरशीवरून मान वर न करता, समिधा म्हणते.

"बाई, जरा सरका ना. तुमचा पाय माझ्या जागेत येतोय."