रेशमी साडीवाली बाई

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, वहिनीला नाही, ज्यांच्याबरोबर खळ लावून भिंतींवर पत्रकं चिकटवली त्या सोबत्यांनाही नाही. तुम्हालाही सांगेन असं वाटलं नव्हतं. पण तुम्ही माझं ते हिंदी पत्रक वाचलं असेल, आणि वाचून मला बरी समजत असाल — तर ते मला आता सोसत नाही.

मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. बाबांच्या खाटेखाली त्यांचे गठ्ठे असत. माणूस माणसाला शिवल्यानं विटाळत नाही — हे वाक्य मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

आणखी एक सांगायला हवं. झाशीत आम्ही मराठी माणसं मूठभर. बाहेर हिंदी, बुंदेली; मराठी घरापुरती. म्हणून ती आम्ही कुलपासारखी वापरतो. बड्या बाजारात दुकानदाराच्या तोंडावर "हा लुटतोय, चल पुढे" असं मराठीत म्हणायचं, आणि त्याला हसून नमस्ते करायचं. समोरच्याला कळणार नाही, हा भरवसा. मीही त्याच भरवशावर वाढले.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दादाच्या मुलांना — सहा वर्षांची चिमी, चार वर्षांचा बंड्या — घेऊन मी शहरातल्या बागेत गेले. चहूकडे गजबज, पण आत निंबाची अशी दाट सावली की भर दुपारी बसावं. माझ्या पिशवीत छापखान्यातून नुकतीच आणलेली पत्रकं होती. मथळा होता, पानी सबका है.

मुलं धावून धावून लाल झाली. नळ कोरडा. निंबाखाली बाग झाडणारी बाई बसली होती, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला तिचा घडा. मुलांकडे बोट दाखवून तिनंच मला बुंदेलीत हाक मारली, "मोड़ा-मोड़ी प्यासे हैं, बिन्नू. पिया दें पानी?"

मी हसले. हिंदीत म्हणाले, नहीं अम्मा, इन्हें प्यास नहीं है.

"लगी तो है, आत्या," बंड्या म्हणाला.

मग मी मुलांकडे वळले. चेहरा तसाच हसरा ठेवला — तुम्हाला दिसतोय ना तो चेहरा? — आणि आमच्या कुलपाच्या भाषेत म्हणाले, "शिवू नका तिला. ओवळं आहे ते पाणी."

ओवळं. हा शब्द मी कधी लिहिला नव्हता, बोलले नव्हते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी लहानपणी ऐकलेला. तो कुठून आला, असं कितीदा स्वतःला विचारलं. कशाला विचारायचं? तो आतच होता.

बाईनं घडा उचलला. मग मुलांना म्हणाली — मराठीत, माझ्याहून नीट मराठीत — "ओंजळ धरा, बाळांनो. वरून घालते. हात नाही लागायचा."

माझ्याकडे न बघता तिनं हिंदीत सांगितलं, की तिची आई आमच्यासारख्याच एका घरी अंगण झाडायची, बोली तिथलीच.

मुलं प्यायली. पाणी त्यांच्या कोपरांवरून गळत होतं. मी काय केलं? माफी मागितली? मी पिशवीतून वर डोकावणारी पत्रकं उलटी खोचली. मथळा तिला दिसू नये म्हणून. तिला वाचता येत होतं की नाही, कोण जाणे.

त्याच आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं. घडा, निंब, ओंजळ, सगळं जसंच्या तसं. फक्त ते वाक्य रेशमी साडी नेसलेल्या एका बाईच्या तोंडी घातलं, आणि स्वतःला बाजूला उभं केलं, संतापलेली साक्षीदार म्हणून. पत्रक गाजलं. सभांतून वाचलं गेलं. दादानं घरी मोठ्यानं वाचलं तेव्हा चिमी म्हणाली, "पण आत्या, वो तो तुम थीं."

तू लहान आहेस, मी म्हणाले, तुला नीट आठवत नाही. दादा हसला. चिमीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या बागेत मी परत गेले नाही. मुलांना सिविल लाइंसकडच्या दुसऱ्या बागेत नेऊ लागले. तिकडचे झोके बरे आहेत, असं वहिनीला सांगून.

चिमी आता तेरा वर्षांची आहे. परवा आमच्या सभेत कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा गिलास धरला. तिनं तो घेतला नाही. ओंजळ धरली आणि म्हणाली, ऊपर से डालिए. आजूबाजूचे हसले. पिताना ती माझ्याकडे बघत होती, ओंजळ रिकामी होईपर्यंत.

रेशमी साडीवाली बाई नव्हतीच. मी होते. आणि मी खादी नेसले होते.