आधी ठिपका, मग माणूस

आमच्या नाटक कंपनीत ठिपकेमामा प्रकाशाचा झोत सांभाळायचे. उजेडाच्या त्या गोलाला ते ठिपका म्हणत. मी विंगेतून बाहेर पडायच्या एक श्वास आधी तो माझ्या जागेवर हजर असायचा. "आधी ठिपका, मग माणूस," हा त्यांचा बाणा. अहाहा, काय दिवस होते! त्या उजेडात मी डोळे मिटून पाऊल टाकायची.

कंपनी बुडाल्यावर मामांनी एअरसॉफ्ट रायफलींचं दुकान थाटलं. प्लास्टिकच्या गोळ्यांची खेळातली लढाई ती. पण कुठल्या रायफलीवर कुठली दुर्बीण शोभते, हे मामांनीच सांगावं. अलीकडे उजवा डोळा दगा देतोय असं त्यांना वाटू लागलं होतं. "नजर गेली की कुलूप लावणार, बाई," ते म्हणायचे.

त्या दुपारी मी दुकानात गप्पा मारत उभी होते. एका शिक्षिकेला चांगली हातभर दुर्बीण हवी होती.

"खेळता कुठं?" मामांनी विचारलं.

"जुन्या गोदामात."

"मग समोरच्याच्या नाकातले केस मोजायचेत का? हिला एक डोळा लावला की बाजूनं कोण आलं ते कळायचं नाही. हा घ्या ठिपका."

त्यांनी रायफलीवर एक आखूड नळी बसवली. तिच्या काचेत लाल ठिपका उमटतो.

"दोन्ही डोळे उघडे ठेवा. हा फक्त तुम्हाला दिसतो, समोरच्याला पत्ता नसतो." त्यांनी स्वतः नेम धरला. "वा! लख्ख!"

शिक्षिकेनं पाहिलं. "काका, काहीच दिसत नाही हो."

तिनं नळीचं झाकण फिरवून उघडलं. आत बॅटरीच नव्हती. ती खोक्यात होती, वेष्टनासकट.

"काका, तुम्ही विक्रेते की जादूगार?" ती हसली. बॅटरी घालताच ठिपका उमटला आणि ती खुशीत गेली.

मामा हसले नाहीत. त्यांनी कपाटातून तसलीच दुसरी नळी काढली, बॅटरी नसलेली. डोळ्याला लावली. बराच वेळ तशीच धरली.

"बाई, तुम्ही बघा. तुम्हालाही दिसला, तर माझा डोळा शाबूत."

मी पाहिलं. काचेत फक्त दुकान होतं. पण मामांनी दुकानाचं कुलूप हातात घेतलं होतं, आणि रंगमंचावर खोटं बोलण्यात माझी हयात गेली आहे.

"दिसतो की!"

"कुठं?"

मी बोट उचललं, जाईल तिकडे जाऊ दिलं. ते भिंतीशी असलेल्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं. "तिथं. पाठीच्या जरा वर."

मामांनी सुस्कारा सोडला. "बरोबर तिथंच! मग डोळा ठीक आहे."

दुकान आजही चालू आहे. मामा रोज ती खुर्ची पुसून ठेवतात. मला बसायचा आग्रह करतात. मी मात्र उभीच राहते. ठिपका तर केव्हाचा आलाय, आता त्याचा माणूस यायचाय.