आक्काचं साड्यांचं कुंपण

मी बारावी झाले त्या वर्षी, काढणीला चार दिवस असताना रानडुकरांनी आमची रताळी उकरून टाकली. नांगर फिरवावा तसं सगळं रान उलटं झालं होतं. कानडी सीमाभागातल्या हिंडलग्याच्या पलीकडं डोंगराला लागून आमचं तेवढंच शेत. वडील मच्छे गावच्या एका कारखान्यात हमालीला जाऊ लागले आणि माझं कॉलेज वर्षभर लांबलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी आधी कुणीच चढलेलं नव्हतं. त्यामुळं मी घरी बसले याचं कुणाला फारसं वाटलं नाही. वाटलं ते आक्काला.

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. सारा गाव तिला आक्काच म्हणायचा. रोज उजाडताना ती चपला हातात घेऊन बांधावरून चालायची. विचारलं तर म्हणायची, "चपलीनं खूर पुसत्यात." मातीतल्या ठशांवरून कळप केवढा, पिल्लं किती, हे ती सांगायची. "डुकरीण पिल्लं घिऊन आलीया. आज जागं ऱ्हावा रं," म्हणाली की त्या रात्री डुकरं यायचीच.

पुढच्या हंगामात ती घरोघरी जुन्या साड्या मागत फिरली. "मला नेसायला नकोत गं, डुकरास्नी दाखवायच्यात," म्हटल्यावर बायका हसत काढून द्यायच्या. खाली-वर दोन तारा ओढून त्यांवर तिनं साड्या ताणल्या. वाऱ्यानं हलणारं कापड बघून डुकरं बिचकायची. त्यांची ओढ्याकाठची जुनी वाट मात्र तिनं कुंपणाबाहेर मोकळी सोडली. वडील कुरकुरले.

"त्यास्नी जायाला वाट न्हाय ठेवलीस तर तुझ्या रताळ्यांतनंच जातील की," आक्का म्हणाली.

वरची तार हातानं दाबायची आणि आत पाय टाकायचा, ही आमची सगळ्यांची सवय झाली. गवताला येणाऱ्या बायकाही तशाच यायच्या.

दोन हंगाम भागले. मधल्या काळात मी कॉलेजात जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी डुकरं कापडाला सरावली आणि एक कोपरा फाडून आत शिरली. माझा धाकटा भाऊ दत्ता पेटला. संध्याकाळी त्यानं पंपाच्या पेटीतून वायर ओढून कुंपणाच्या तारांना जोडली. उजेडाला बॅटरी मी धरली होती.

"आक्काला सांगू नको. रात्रपाळीची वीज हाय, पाटंचं जाती. दिवसा कुणाला काय हुतंय?" तो म्हणाला.

हे गुन्ह्याचं काम आहे, जीव जातो, हे मला ठाऊक होतं. पण परीक्षा जवळ आली होती आणि पीकही. मी गप्प बसले.

सकाळी सातला शेजारच्या शेतातली मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. तो सोमवार होता. शेतपंपांच्या विजेची पाळी दर सोमवारी बदलायची; रात्रीची वीज आता दिवसा आली होती. दत्ता अजून झोपलेला, आणि आक्काचं अंथरूण रिकामं. मी अनवाणी पळत सुटले. एवढंच डोळ्यांपुढं येत होतं: दंवानं भिजलेल्या साड्या, आणि तार दाबायला पुढं झालेला तिचा हात.

आक्का कुंपणापासून दहा हात लांब उभी होती. खालच्या तारेला चिकटून एक कोल्हा मरून पडला होता. विळे घेऊन तेवढ्यातच आलेल्या दोन बायकांना ती ओरडत होती, "कापडाला हात लावू नगासा! मागं सरा!" वीज कुठून आलीय हे तिला कळलं होतं, पण पेटीला हात लावायची तिची छाती होत नव्हती. जागा सोडून गावात यावं, तर मागं कुणी तरी तार दाबणार. म्हणून ती तिथंच खिळून राहिली होती.

मी मेन स्विच पाडून फ्यूज काढले.

"तुला ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"यवढं शिकून गप बसायचंच शिकलीस व्हय गं, सुमे?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "आता तोंड उघड. चांगल्या कुंपणासाठी सरकारला कानडीत अर्ज लिव्ह."

सौर कुंपणाला सरकारी मदत मिळते, त्याचा झटका बसतो पण जीव जात नाही, हे मी कॉलेजात ऐकलं होतं. शेजारच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन मी अर्ज लिहिला. वन खात्याच्या कचेरीत कारकून दर वेळी "नाळे बन्नी," म्हणजे उद्या या, म्हणायचा. आक्का बाकावर पदर खोचून बसायची. "उद्या येतू की. आमची डुकरं बी रोजच येत्यात," असं तिनं एकदा कानडीत सुनावलं, तेव्हा साहेब आतून बाहेर आले.

कुंपण मंजूर झालं त्याच पावसाळ्यात आक्का तापाच्या निमित्तानं गेली. खांब रोवताना ती नव्हती. ओढ्याकाठची डुकरांची वाट बाहेर सोडून मीच रेघ आखून दिली.

आज आमच्या अकरा शेतांना मिळून एकच सौर कुंपण आहे. पंपाच्या पेटीतून कुंपणाला गेलेली एकही वायर आमच्या शिवारात नाही. गेल्या हंगामात सगळ्यांची रताळी पुरी निघाली, आणि तारेला चिकटून कुणी मेलं नाही.