तक्रारीची खुर्ची
नव्या टायरच्या रबराचा वास आला की मला तंजावूरमधलं ते स्कूटरचं दुकान आठवतं. बाजारात नवनव्या गाड्या येऊ लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. काचेची दारं, चकचकीत फरशी, आणि गिऱ्हाइकांना गाड्या विकायला ठेवलेली मी. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि दोन्हींत मी मुकीच. माझ्या हातून एकही गाडी विकली गेली नव्हती, आणि नोकरी टिकणार नाही हे घरी सांगायचं मी टाळत होते. एका दुपारी तिरुवैयारूचे एक म्हातारे मास्तर बंद पडलेली मोपेड टेम्पोत घालून घेऊन आले. आमचा बोलका विक्रेता समजावू लागला तसा त्यांचा आवाज चढतच गेला. शेवटी ते तणतणत माझ्यासमोर येऊन बसले. मी माझीच कॉफी त्यांच्यापुढे सरकवली आणि ऐकत राहिले. सगळं बोलून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, “बरं, दुरुस्त करून ठेवा. शनिवारी येतो.” मालक दारातून पाहत होते. आता हे मला घरी पाठवणार, असं वाटलं. ते म्हणाले, “उद्यापासून तक्रारी तूच ऐक, अम्मा. बोलणारे मला पुष्कळ मिळतात.” पुढं त्याच खुर्चीवर माझे केस पिकले. आज माझी अबोल मुलगी नव्या स्कूटरवरून मुलाखतीला निघाली. घरातले सगळे तिला जरा घडाघडा बोल म्हणून बजावत होते. मी फक्त फाटक उघडून धरलं.