अप्पांनी कपाळाला लावलेले फासे

पुण्याहून पहाटे निघालेली एसटी नाशिकात शिरली तेव्हा दहा वाजत आले होते. माझ्या मांडीवरच्या चामडी पेटीकडे शेजारचे गृहस्थ संगमनेरपासून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "मॅडम, दागिने हायेत का काय?" मी पेटी उघडून पट दाखवला. चोवीस घरं, दोन रंगांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, फासे. याला बॅकगॅमन म्हणतात, आपल्या सगळ्या सोंगट्या आधी बाहेर काढेल तो जिंकला, असं मी शिकवण्याच्या सुरात सांगितलं. तीस वर्षं गणित शिकवल्यावर तो सूर जात नाही.

चार वर्षं मी अशा दोन दिवसांच्या स्पर्धांना जातेय आणि दर वेळी शनिवारी संध्याकाळीच घरचा रस्ता धरतेय. शनिवारच्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या तरच रविवारी खेळायला मिळतं. या खेपेला रविवार बघायचाच, असं ठरवून निघाले होते. नवऱ्याने मात्र शनिवारच्या रात्री माझीही पोळी धरली होती.

स्टँडवरून रिक्षाने गंगापूर रोडला जाऊन आधी मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वाटीत दही, सोबत पापड. "तर्री (वरचा तिखट तेलाचा थर) बेतानं घ्या, ताई," वाढणाऱ्याने बजावलं होतं. ऐकलं नाही आणि पहिली फेरी नाक पुसत खेळले. जिंकले, हे महत्त्वाचं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. भिंतीवर नियम लावले होते. फासे पेल्यात घालून नीट खुळखुळवायचे. ते पटाच्या आपल्या उजव्या भागात सपाट पडले पाहिजेत, सोंगटीवर तिरके टेकले तर पुन्हा टाकायचे. बघ्यांनी तोंड उघडायचं नाही. हा नियम नाशिककरांना फारच जड जात होता. आणि फासे उचलले की खेळी संपली. सोंगट्या न हलवताच कुणी फासे उचलले, तर त्याला खेळू द्यायचं की नाही, हे समोरच्याने ठरवायचं. मला असे नियम आवडतात. सगळं कसं स्वच्छ असतं.

दुसऱ्या फेरीत समोर आले ते देवळ्याचे, साठीतले, पांढऱ्या टोपीतले. "अप्पा म्हना, समदे तेच म्हनतात." बी-बियाण्याचं दुकान, तीन वर्षं दुकानात बसून मोबाइलवर हा खेळ खेळलेले. "खरे फासे आज पयल्यांदा हातात घेतले, ताई. लय भारी वाटतंय." पहिली खेळी झाल्यावर त्यांनी फासे उचलून कपाळाला लावले. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "बोहनी (दिवसातली पहिली विक्री) झाली, की नोट अशीच लावतो. सवय हाय."

खेळले मात्र कसलेल्या माणसासारखे. आम्ही बरोबरीत आलो आणि शेवटच्या डावाला भोवती माणसं जमली. माझ्या दोनच सोंगट्या उरल्या होत्या, पुढच्या खेळीत त्या नक्की बाहेर निघणार होत्या. अप्पांच्या चार उरल्या होत्या. दोन्ही फाशांवर एकच आकडा आला की तो चारदा खेळता येतो; तसा मोठा आकडा आला, तरच चारही निघतात. अप्पांनी पेला बराच वेळ खुळखुळवला आणि फासे टाकले. सहा आणि सहा, दोन्ही सपाट. बघ्यांपैकी कुणीतरी "आयला!" म्हणालं. अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही फासे उचलले आणि कपाळाला लावले. सोंगट्या जागच्या जागी होत्या.

माझा हात कधी वर गेला ते मलाच कळलं नाही. पंच आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "खेळू द्यायचं का त्यांना?"

"नियमाप्रमाणे होऊ द्या," मी म्हणाले.

"बरोबर हाय त्यांचं," अप्पा म्हणाले. "मीच उचलले." मी फासे टाकले, दोन सोंगट्या काढल्या आणि जिंकले. त्यांनी उठून हात मिळवला.

खाली चहाच्या टपरीवर ते पुन्हा भेटले. देवळ्याच्या बसला वेळ होता. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "ताई, येक इचारू? दोन्ही सहाच पडले व्हते ना? तुम्ही बघितलं ना?"

"बघितलं, अप्पा. दोन्ही सहाच होते."

"बास. घरी सांगायला बरं. हातानं टाकलेले पयलेच दोन सहा व्हते माझे." माझ्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले. मला लाज वाटली.

रविवारी सकाळी मी पाऊण तासात हरले. दुपारपर्यंत गोदाघाटावर बसून राहिले, पाण्याकडे बघत. माझ्या आजूबाजूला भाज्यांचे, फुलांचे सौदे चालले होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होते. शेवटी बसची वेळ झाली म्हणून उठले.

घरी नवऱ्याने दार उघडत विचारलं, "काय, दिसला का रविवार?"

"दिसला," म्हटलं. पुढचं काही सांगितलं नाही. ओळखीचे विचारतात तेव्हा मी सांगते, की नियमाने जिंकले. ते खरं नाही. नियमाने सगळं माझ्यावर सोपवलं होतं. पंचांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, आणि 'खेळू द्या' म्हणणंही नियमातच बसत होतं.