मागं कोन बसते?

किस्से गोळा करायला मला कुठे लांब जावं लागत नाही. आचोळ्यात हरीभाऊंच्या गॅरेजबाहेरच्या बाकावर रविवारी सकाळी तासभर टेकायचं, बस्स. मोटरसायकल ठणठणीत असली तरी मी जातो. बायको विचारते, आज काय बिघडलं? मी म्हणतो, चेन. चेन कधीही बिघडलेली असू शकते!

हरीभाऊ खाडीकाठच्या गावातले. घरची शेती अजून आहे, पण हात पहिल्यापासून ग्रीसमध्ये. त्यांची एक पद्धत ठरलेली. चेन टाइट करायला कोणीही येवो, पाना उचलण्याआधी विचारणार, "मागं कोन बसते?"

कारण साधं आहे. माणूस बसला की गाडी दबते आणि चेन ताणली जाते, आधीच घट्ट असेल तर तुटते. म्हणून मागच्या माणसाच्या वजनाची ढील आधीच ठेवायची. तो माणूस सोबत असेल तर त्याला सीटवर बसवायचं, चेनखाली बोट घालायचं आणि उचलून बघायचं. सोबत नसेल तर पुढच्या रविवारी घेऊन या!

*

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि वडील सोबत होते. ठरलेला प्रश्न आला. मी म्हटलं, छे, मागे कोणी नाही, मी एकटाच असतो.

हरीभाऊंनी वाकून मागच्या फुटरेस्टवरून अंगठा फिरवला. "रबर गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "ते पन एकाच बाजूचं."

वडील चहाचा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. घरी पोचेपर्यंत मी अश्विनीचं नाव, गाव, शिक्षण, सगळं सांगून मोकळा झालो होतो. आता ती त्याच बाजूला पाय टेकवून बसते, पण राजरोस.

*

सातिवलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला असलेले म्हात्रे. त्यांनीही छातीठोकपणे सांगितलं की मागे कोणी बसत नाही. हरीभाऊंनी एकट्याच्या हिशोबाने चेन लावून दिली. आठ दिवसांत म्हात्रे परत हजर, चेन नुसती कण्हत होती. मागच्या सीटवर प्लास्टिकच्या दाण्यांच्या दोन गोणी करकचून बांधलेल्या.

म्हात्रे म्हणाले, मी खोटं कुठे बोललो, माणूस नाहीच बसत.

हरीभाऊंनी गोणीवर थाप मारली. "मग ही काय उभी राहून जाते?"

*

अर्नाळ्याचं एक जोडपं यायचं. नवरा गाडी चालवणार, बायको मागे मासळीची टोपली मांडीवर घेऊन बसणार. हरीभाऊ म्हणाले, रिकाम्या टोपलीचा उपयोग नाही, भरलेली आणा.

पुढच्या रविवारी दोघं खरोखरच ओल्या बोंबलांनी भरलेली टोपली घेऊन आले. हरीभाऊंनी त्यांना बसवलं, बोट घातलं, मान डोलावली. काम दहा मिनिटांचं, पण आचोळ्यातली मांजरं संध्याकाळपर्यंत गॅरेजसमोरून हलली नाहीत. जाताना बाईंनी बाकावरच्या प्रत्येकाच्या हातावर बोंबील ठेवले. त्या दिवशी काय बिघडलं हे अश्विनीने विचारलं नाही.

*

आमच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्ण्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून चेन घरीच टाइट केली आणि ती दाखवायला मुद्दाम गॅरेजवर आले. जरासुद्धा लोंबत नाही बघा, असं कौतुक चाललं होतं. हरीभाऊंनी स्क्रूड्रायव्हरने चेनवर टिचकी मारली. टण्ण!

"साहेब, ही वाजवायची नाय, चालवायची हाय."

बाकावर हशा पिकला. कुलकर्ण्यांना ते लागलं. ते म्हणाले, तुम्ही गावभर विचारत सुटता, तुमच्या मागे कोण बसतं ते सांगा की.

कुलकर्णी बाकावर नवे. त्यांना माहीत नव्हतं, पण हरीभाऊंच्या गाडीचे मागचे फुटरेस्ट कोरे करकरीत आहेत. त्यांची बायको, म्हणजे सुमनवहिनी, दर रविवारी रिक्षाने डबा घेऊन येतात, बाकावर बसून नवऱ्याचं काम बघतात आणि रिक्षानेच परत जातात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दोघं जीवदानी देवीच्या दर्शनाला निघाले होते. नवी गाडी, नवी साडी, हातात नारळ. वाटेत चेन तुटली. भर उन्हात वहिनींनी गाडीला मागून धक्का मारला, साडीचं ग्रीसने वाटोळं झालं. तुमच्या मागे पुन्हा बसणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं आणि बावीस वर्षं ते पाळलं. हरीभाऊ विचारणाऱ्याला सांगायचे, रस्त्यात खड्डा होता.

त्या दिवशी मात्र ते पाना खाली ठेवून बसले.

"खड्डाबिड्डा काय नव्हता," ते म्हणाले. "मी चेन एकट्यापुरती आवळली होती. ही मागं बसनार, हे ध्यानातच नाय आलं. चूक माझीच. एवढं तिला बोलायचं राहून गेलं, त्याचं फार वाईट वाटते."

वहिनी डबा घेऊन त्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या. आम्हाला दिसत होत्या, त्यांना नाही. वहिनींनी डबा बाकावर ठेवला आणि आल्या त्याच रिक्षाने निघून गेल्या. हरीभाऊंनी तो डबा उघडला नाही.

*

पुढच्या रविवारी आम्ही सगळे वेळेआधीच बाकावर. कुलकर्णीसुद्धा. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून हरीभाऊ स्वतःच्याच गाडीची चेन लावत बसले होते.

रिक्षा आली. वहिनी उतरल्या आणि रिक्षा त्यांनी सोडून दिली. हातात डबा नव्हता. कापडी पिशवी होती आणि तिच्यातून नारळाची शेंडी बाहेर आली होती.

त्या सरळ गाडीजवळ गेल्या, वाकल्या, चेनखाली बोट घातलं आणि उचलून बघितलं.

"अजून जरा ढिली करा," त्या म्हणाल्या. "मी बसनार हाय."

हरीभाऊंनी पाना घेतला आणि चाकाच्या नटाला लावला. बसेना. पुन्हा लावला. पाना चुकीचा आहे, हे कुलकर्ण्यांनासुद्धा दिसत होतं.